कापसाच्या शेतातलं होळीचं गाणं

सर,

तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही गेल्यावर त्यांनी सभा घेतली, वर्तमानपत्रात लिहिलं, तुमचा फोटो ग्रंथालयात लावला. ते सगळं नीट पार पडलं, त्यात माझी काही गरज नव्हती. इतकी वर्षं मी गप्प बसले आणि अजूनही बसले असते, पण गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाचा फोन आला. तुमच्या लेखांचं पुस्तक काढतोय म्हणाला. "पप्पा नेहमी तुमचं नाव घ्यायचे, मॅडम. त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी तुम्ही. प्रस्तावना तुम्हीच लिहायची." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढंच विचारलं की कापसावरचा लेख त्यात आहे का. "तो तर पहिलाच आहे," तो म्हणाला, "फोटोसकट." तेव्हापासून मी प्रस्तावना लिहायला बसते आणि कागदावर उतरतं ते हे.

तुम्ही वाईट शिकवत असता तर बरं झालं असतं. वाईट शिकवणाऱ्या माणसावर इतकी वर्षं कोण रागावतं? बाकीचे सर गाईडमधून उतरवून द्यायचे, आम्ही लिहून घ्यायचो, परीक्षेत तेच परत करायचो. मी धडगावकडच्या डोंगरातून आलेली, आश्रमशाळेत शिकलेली, घरी पावरी बोलणारी मुलगी. मराठी मला शाळेनं दिली आणि इंग्रजी त्या मराठीच्या खांद्यावर बसून आली. एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा वसतिगृहातल्या मुली म्हणाल्या, वेडी आहेस का. आणि मग आधुनिक अमेरिकन कथा-कादंबरीच्या तासाला तुम्ही आलात, हातात गाईड नव्हतं, कादंबरी होती. लोणखेड्याच्या कॉलेजातल्या त्या वर्गात पंखा खडखडतोय, खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर चाललेत, आणि तुम्ही उभ्या उभ्या वाचताय. एक काळी मजूर बाई कापसाच्या शेतात वाकलेली आहे. तिची मुलगी शहराकडे निघून गेली आहे. बाई वेचता वेचता मुलीशी मनातल्या मनात बोलते. वाचता वाचता तुम्ही चष्मा काढून रुमालानं डोळे पुसलेत आणि म्हणालात, "आपण माणूस म्हणून कुठे कमी पडलो, ते इथे कळतं."

मला त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कधीच कळलं नाही. त्या बाईच्या बोटांबद्दल एक ओळ होती. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला लागून लागून तिथली कातडी फाटते, आणि रात्री मीठ-तिखट हाताळलं की आग होते. ही ओळ कुणीतरी समुद्रापलीकडे बसून इंग्रजीत लिहिली होती आणि ती माझ्या आईच्या बोटांबद्दल होती. मी तोवर पुस्तकात आमचं काही असतं असं मानलंच नव्हतं. तास संपल्यावर मी व्हरांड्यात तुमच्या मागे आले आणि म्हटलं, "सर, माझी आईपण कापूस वेचते."

"हो? कुठे?"

"ब्राह्मणपुरीला येते त्यांची टोळी." मी थांबले, मग सांगून टाकलं. "तुमच्याच शेतात, सर."

मला वाटलं होतं तुम्ही ओशाळाल. पण तुमचा चेहरा उजळला. खरंच उजळला, एखाद्याला हरवलेली वस्तू सापडावी तसा. "अरे वा!" म्हणालात. "अरे वा, बेटा! म्हणजे ही कादंबरी आपल्या दारातच आहे!" त्याच दिवशी तुम्ही मला तुमची स्वतःची प्रत दिलीत, ग्रंथालयात एकच होती म्हणून. मी ती छातीशी धरून वसतिगृहात नेली. मला वाटलं तुम्ही मला ओळखलंत.

पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्या वर्गाला शेतात आणलंत. कॉलेजची गाडी बांधावर उभी राहिली, मुलंमुली उतरली, मुलींनी ओढण्या डोक्यावर घेतल्या, मोबाइल बाहेर निघाले. टोळी सरीत होती. आईनं साडीवरून बापाचा जुना शर्ट घातलेला, डोक्याला फडकं, पोटाशी कापसाची झोळी बांधलेली. मला गाडीतून उतरताना बघून ती सरळ उभी राहिली. मी जवळ गेले, पावरीत सांगितलं की हे माझे सर आहेत, बाकीचे माझ्या वर्गातले आहेत, बघायला आलेत.

"काय बघायला?"

"कापूस."

आईनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. "यांनी कापूस बघितला नाही?" ती म्हणाली, आणि परत वाकली.

मग तुम्ही मुकादमाला हाक मारलीत. वर्गात तुमच्या तोंडी कधी अहिराणी ऐकली नव्हती, शेतात तीच होती. "तिले सांग, एखादं गानं म्हन." आई नको म्हणाली, काम पडलंय म्हणाली. मुकादम हसला, पण डोळे हसत नव्हते. "म्हन ना. सर सांगी ऱ्हायनात." मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं सुरू केलं. तिला लवकर सुटका हवी होती.

तिनं होळीचं गाणं म्हटलं, सर. होळीआधी आमच्याकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो, त्यात म्हणतात ते. एक व्याही सजूनधजून होळीला निघतो, वाटेत ताडी पितो, आणि परतताना स्वतःच्याच घराचं दार विसरून म्हशीच्या गोठ्यात शिरतो, रात्रभर म्हशीला बायको समजून तिची समजूत काढत बसतो, अशी त्याची थट्टा. बायका हे ढोलावर, हातात हात गुंफून, एकमेकींना ढकलत म्हणतात. आई ते हळू म्हणत होती, कारण ती सकाळपासून वाकलेली होती आणि तिची पाठ दुखत होती. दोन ओळींच्या मध्ये ती दम घेत होती. टोळीतल्या दुसऱ्या बायका फडक्याआड तोंड लपवून हसत होत्या. म्हशीच्या कडव्याला तर माझी काकी सरीतच खाली बसली.

तुम्ही डोळे मिटले होते. गाणं संपलं तेव्हा तुम्ही वर्गाकडे वळलात. "ऐकलंत? हा विलाप ऐकलात? मिसिसिपीचा काठ असो नाहीतर तापीचा, शोषिताचं दुःख एकाच सुरात रडतं. शब्द कळायची गरजच नाही."

मी म्हटलं, "सर, हे होळीचं गाणं आहे. थट्टेचं आहे. व्याह्याची थट्टा."

एकदोन मुली हसल्या. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मायेनं म्हणालात, "बेटा, तू त्याच्या आत आहेस. आत असलेल्याला ऐकू येत नाही. त्यासाठी अंतर लागतं."

तो हात मला अजून जाणवतो. शिव्या खाल्लेल्या माणसाला निदान उत्तर देता येतं. मायेनं दिलेल्या त्या वाक्याला मी काय उत्तर देणार होते? मला माझ्या आईचं गाणं कळत नाही, कारण ते माझ्या आईचं आहे, आणि तुम्हाला कळतं, कारण तुम्हाला त्यातला एकही शब्द येत नाही. आणि हे तुम्ही अशा मुलीला सांगत होतात जी तुमचा शब्दन् शब्द खरा मानत आली होती. मग खळ्यात पोहे आले, चहा आला. माझ्या हातात कुणीतरी बशी दिली. मी बशी धरून खळ्यात उभी, आई सरीत. पोह्यांवर तुमच्या घरच्यांनी ओलं खोबरं घातलेलं होतं. मुलं गाण्याचे व्हिडिओ एकमेकांना दाखवतायत आणि आई हळूहळू कपाशीच्या पलीकडच्या टोकाला जातेय, लहान होतेय.

कॉलेजमध्ये चर्चासत्र झालं तेव्हा बाहेरगावचे प्राध्यापक आले होते. तुमचा लेख शेवटी होता. दिवे मालवले, पडदा उजळला, आणि पडद्यावर भिंतीएवढी माझी आई आली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, शर्टाचं एक बटण तुटलेलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, कापूस वेचणारी एक अनाम स्त्री. अनाम, सर. तुम्हाला माहीत होतं ती कुणाची आई आहे. ती तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलीची आई होती.

मी उभी राहिले. असं कधी करायची माझी हिंमत नव्हती, त्या दिवशी पाय आपोआप सरळ झाले. मी म्हटलं, "तिला नाव आहे," आणि नाव सांगितलं. ते नाव मी इथे परत लिहीत नाही, तुम्हाला एकदा सांगून झालंय. सभागृहात मागे कुणीतरी "बस खाली" म्हणालं. तुम्ही माइक जवळ घेतलात, हसलात. "ही माझी विद्यार्थिनी. भावना समजू शकतो. पण बेटा, इथे व्यक्ती महत्त्वाची नाही. प्रतिमा महत्त्वाची आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्यांमध्ये उभी, आणि माझ्या मागून आई माझ्यावर पडलेली, प्रोजेक्टरचा उजेड माझ्या अंगावर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. तेव्हा मात्र दार लावून घेतलंत आणि माया बाहेर ठेवलीत. "पाहुण्यांसमोर शोभा केलीस माझी. काय कमी केलं मी तुला? पुस्तक दिलं, घरचं समजलो. आणि तुझ्या आईचं मी काय वाईट केलं? तिचा आवाज मी कुठल्या कुठे नेला. अगं, अमर केलं तिला!"

"तिनं मागितलं नव्हतं, सर."

"जा आता," तुम्ही म्हणालात. "तुझ्यात वाचायची ताकद आहे. पण कृतज्ञता नाही. ती शिकवता येत नाही."

मला वाटलं तुम्ही माझे गुण कापाल. तुम्ही कापले नाहीत. सगळ्यात जास्त गुण मलाच दिलेत, आणि पुढे नेट परीक्षेसाठी पुस्तकंही सुचवलीत, म्हणजे तुम्ही माझं काही वाकडं केलं असं मला कुणालाच सांगता येऊ नये. ज्याला खोलीत दार लावून झापायचं त्याला बाहेर सगळ्यांदेखत मोठं करायचं, हे तुमच्याइतकं नीट कुणाला जमलेलं मी बघितलं नाही.

पण टोळीचं काय झालं? पुढच्या हंगामात आई-बाप डोंगर उतरून ब्राह्मणपुरीला आले तेव्हा मुकादमानं त्यांना बांधावरूनच परतवलं. बापाला कळलं नाही म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. "औंदा तुमनी टोळी नको. तुन्ही पोर गैरी बोलस." बस, पोर फार बोलते, एवढंच कारण. आजूबाजूच्या शेतांत टोळ्या आधीच ठरलेल्या होत्या. आई-बाप मग दुसऱ्या मुकादमाबरोबर गुजरातेत, पार सौराष्ट्रात गेले. ब्राह्मणपुरी जवळ होती, मध्ये मध्ये घरी येता यायचं, म्हणून माझी धाकटी बहीण शेजाऱ्यांच्या भरवशावर घरी राहून गावच्या शाळेत जायची. सौराष्ट्र म्हणजे होळीपर्यंत परत येणं नाही. काकीही टोळीतच. बहिणीला कुणाकडे ठेवणार? तिला सोबत नेलं, टोळीच्या भाकरी करायला आणि लहान पोरं सांभाळायला. होळीला परत आली तेव्हा शाळा तिच्याविना पुढे गेली होती. पुढच्या वर्षी ती आपण होऊन शाळेत गेली नाही. म्हणाली, आता लहान पोरांमध्ये बसायची लाज वाटते.

मला हे कळलं तेव्हा मी तुमच्या घरी आले होते. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही झोक्यावर बसला होतात, पाय जमिनीला टेकवून हलके हलके झुलत होतात. मी सरळ विचारलं, टोळी तुम्ही काढायला सांगितलीत का. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फार शांतपणे. "शेतीचं सगळं भाऊ बघतो. मी त्यात पडत नाही." आणि मग आत हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलंत. मी ते पाणी प्यायले, सर, ऊन होतं. पण ते वाक्य माझ्या घशाखाली कधीच गेलं नाही. कापसावर लेख वाचणारा, कापसावर रडणारा, कापसासाठी चाळीस पोरांना गाडीत घालून नेणारा माणूस कापसात पडत नव्हता. मला आजही ठाऊक नाही की तुम्ही तोंडानं सांगितलंत, की नुसतं घरी जेवताना माझ्याबद्दल कुरकुरलात आणि भावानं ते ओळखलं. मला त्यानं फरक पडत नाही. एक शब्द टाकला असतात तर टोळी परत आली असती. त्या दिवशी मी शब्द मागायलाच आले होते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. सगळे अंत्यविधीला प्रकाशा गावी जमले होते, तापीवर. माझी बस त्या पुलावरून गेली. घाटावर पांढरे कपडे दिसले, ओळखीची माणसं दिसली. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, कुणी मोठा माणूस दिसतोय. मी हो म्हटलं. उतरले नाही. उतरायची इच्छाही झाली नाही, हे तुम्हाला कळावं.

काल तुमच्या मुलाला मी फोन केला. म्हटलं, प्रस्तावना लिहिणार नाही, पण त्या फोटोखाली अनाम लिहिलंय ते चालणार नाही. मी भांडायच्या तयारीत होते. सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, व्यक्ती, प्रतिमा, सगळं. तो म्हणाला, "अच्छा, नाव माहितीये तुम्हाला? सांगा ना, टाकतो." मी सांगितलं. त्यानं स्पेलिंग विचारलं. ते सांगितलं. "ओके मॅडम, झालं." इतकंच होतं, सर. एवढ्यासाठी तुम्ही मला भर सभेत खाली बसवलं होतं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला आधी आठवेचना कुठला फोटो. मग आठवलं. "तो नको," ती म्हणाली. "त्यात मी तुझ्या बापाचा शर्ट घातलाय. नाव टाकायचं तर चांगला फोटो टाका. चांदी घालून बसते, येऊन काढ." गाण्याबद्दल विचारलं तर हसायलाच लागली, पुढची कडवी म्हणून दाखवली, जी तिनं तुमच्यासमोर म्हटली नव्हती, कारण ती फारच वाईट आहेत. तुमच्या मुलाला मी पुन्हा फोन केला. तो म्हणाला लेख त्याच फोटोवर आहे, बदलता येणार नाही. मग काढून टाका म्हटलं. सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही. छापलाच तर मी प्रकाशनाला येईन, आणि यावेळी टाळ्या वाजल्या तरी खाली बसणार नाही.

आज रविवार, बहीण आली होती. तिचा नवरा बाजाराला गेलाय, ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पीत होती. तिला मी हे सगळं पत्र वाचून दाखवलं, पावरीत करत करत. आमच्या भाषेत ते फार लहान झालं. तुमची अर्धी वाक्यं तर उतरलीच नाहीत, प्रतिमेला काय म्हणायचं तेच सुचेना. माझा राग मात्र तसाच उतरला, तिनं तो नीट ऐकला. मला वाटलं शाळेचा भाग आला की ती काहीतरी बोलेल. ती कपातली पत्ती हलवत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "मी त्या माणसाला कधी बघितलंसुद्धा नाही. तू अजून त्याच्याशीच बोलतेस?"

मी कप विसळायला घेतले. ती गेल्यावर हे शेवटचं लिहितेय. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचंही नाही. तरी कपाटात ठेवण्याआधी मी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या त्या तुम्ही बघाल म्हणून दुरुस्त केल्या.